बर्फाखालचे ऊन पाणी

जपानचे नाव निघाले की आपल्या कॅथोलिक कुटुंबांना प्रथम आठवण होते ती संत फ्रान्सिस झेवियर यांची. एप्रिल १५४९ मध्ये त्यांनी गोवा सोडले आणि १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, कागोशिमा बंदरात पाऊल ठेवले. दुसरे नाव आठवते ते वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्यांनी क्रुसावर प्राण अर्पण केले. या दोघांमुळे आपल्या मनातील जपान म्हणजे दक्षिणेकडील बंदरे, गलबते आणि समुद्र. पण त्याच देशाचा एक उत्तर भाग असा आहे की, जेथे वर्षाचे चार महिने घरे बर्फात अर्धी गाडली जातात आणि त्याच बर्फाखालून कढत पाण्याचे झरे उसळत असतात. त्या प्रदेशात काही दिवस राहण्याचा योग मला आला. तेथे जे पाहिले व जे मनात आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

सेमिनरीत माझ्या शेजारच्या बाकावर बसणारे एक सहाध्यायी आज निइगाता धर्मप्रांतात मिशनरी आहेत. निइगाता, आकिता व यामागाता हे तीन प्रांत मिळून हा धर्मप्रांत होतो. त्यांनी कळविले, "यायचे असेल तर जानेवारीत ये. उन्हाळ्यात आलास तर डोंगर आणि भातशेतीच पाहशील. ती तुला घरीही दिसते. इथल्या माणसांना ओळखायचे तर बर्फात ये." मी त्यांचे ऐकले.

तोक्यो सोडले तेव्हा आकाश निरभ्र होते. आगगाडी मध्यवर्ती डोंगरांतून वर चढू लागली आणि बोगद्यामागून बोगदे ओलांडीत पलीकडे गेली, तो सारी सृष्टी पांढरी झालेली. हा चमत्कार कसा घडतो ते घाटाच्या पायथ्याशी व माथ्यावर राहणाऱ्या आपल्या लोकांना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. हिवाळ्यात सायबेरियाकडून कोरडे, अतिशीत वारे सुटतात. जपानच्या समुद्रावरून येताना ते त्यातील उबदार प्रवाहाची वाफ शोषून घेतात आणि जपानच्या कण्यासारख्या डोंगररांगेवर येऊन आदळतात. मग ती सारी वाफ बर्फ होऊन अलीकडच्या उतारावर कोसळते, आणि पलीकडे तोक्योच्या बाजूला कोरडी हवा व स्वच्छ ऊन पडते. आपला नैऋत्य मोसमी वारा सह्याद्रीला अडून कोकणात व घाटमाथ्यावर धो धो बरसतो आणि पूर्वेकडे देशावर पाऊस तुटपुंजा होतो, तोच हा न्याय. फरक एवढाच की तेथे पावसाऐवजी बर्फ पडते आणि ते वाहून जात नाही, साठत राहते. यामागाता प्रांत सुमारे ३८ अक्षांशावर आहे; ग्रीसमधील अथेन्स शहरही साधारण त्याच अक्षांशावर. तरीही या प्रांतातील हिजिओरी या उष्णोदकाच्या गावी १३ फेब्रुवारी २०१८ रोजी जमिनीवर ४ मीटर ४५ सेंटिमीटर बर्फ मोजले गेले. आणखी उत्तरेस आओमोरी प्रांतात सुकायु म्हणून असेच एक उष्णोदकाचे ठिकाण आहे. तेथे २६ फेब्रुवारी २०१३ रोजी ही खोली ५ मीटर ६६ सेंटिमीटर भरली. आपल्या कौलारू घराचा आढाही जिथे बुडून जाईल, एवढे ते बर्फ!

आणि याच भूमीच्या पोटात आग आहे. जपानमध्ये उष्णोदकाचे सुमारे २७ हजार झरे व विहिरी असून मुक्कामाची सोय असलेली सुमारे तीन हजार ठिकाणे आहेत. तेथे त्यांना 'ओनसेन' म्हणतात. कोणत्या पाण्याला ओनसेन म्हणावे हे १९४८ च्या कायद्याने ठरविले आहे. पाणी झऱ्यापाशी निदान २५ अंश सेंटिग्रेड उष्ण असावे, नाहीतर कायद्यात सांगितलेल्या खनिजांपैकी एखादे त्यात पुरेशा प्रमाणात असावे. आपल्याकडेही राजापूरजवळ उन्हाळे आहे, वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे आहेत. परंतु आपली कुंडे ज्वालामुखीची नव्हेत. कोकणातील भेगांतून पाणी खूप खोल उतरते आणि पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापून वर येते. यामागातातील झाओसारख्या ठिकाणी मात्र जवळच जिवंत ज्वालामुखी आहे. डोंगरावर पडलेले बर्फ वितळते, जमिनीत मुरते, तप्त खडकांपाशी पोचते आणि पुढे केव्हातरी वाफाळत परत येते. माणूस ज्या ऊन पाण्यात बसतो, ते फार पूर्वीचे पाऊस-बर्फच असते.

आमचा पहिला मुक्काम झाओ येथील एका जुन्या खाणावळवजा उतारशाळेत होता. अशा पारंपरिक उतारशाळेला 'रियोकान' म्हणतात. दारातच पायातले जोडे काढावे लागतात, हे आपल्या घरच्यासारखेच. मग सपाता घालून ओटीवरून आत जायचे, खोलीच्या उंबऱ्याशी त्याही काढायच्या, कारण आत भाताच्या पेंढ्याची व गवताची विणलेली 'तातामी' अंथरलेली असते आणि तिच्यावर फक्त मोजे चालतात. संडासासाठी निराळ्या सपाता. त्या घालून मी चुकून ओसरीपर्यंत आलो तेव्हा घरच्या सुनेने तोंडावर हात ठेवून हसू दाबले. खोलीत खाट नाही, खुर्ची नाही. मधोमध एक बुटके मेज आणि त्याखाली ऊब. रात्रीचे जेवण चालू असता कोणीतरी येऊन जमिनीवर गाद्या घालून जाते. नेसायला सुती झगा मिळतो, त्याचे नाव 'युकाता'. मी तो उजवी बाजू वर घेऊन नेसलो. माझे मित्र म्हणाले, "अरे, तसा मृतांना नेसवितात. डावी बाजू वर घे, नाहीतर यजमानीणबाई घाबरतील."

जेवण पाटावर बसल्यासारखे, पण प्रत्येकापुढे लहान लहान दहा-बारा वाट्या. मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला नदीतला मासा, डोंगरातल्या रानभाज्या उन्हाळ्यात वेचून मिठात घालून ठेवलेल्या, सोयाबीनच्या आंबवलेल्या पिठाचे कढण, लोणचे आणि वाफेचा भात. एका वाटीत चक्क आपली अळकुडी निघाली! यामागाताच्या लोकांना अळकुडीचा रस्सा फार प्रिय. शरदात नदीकाठी चुली मांडून सारे गाव तो शिजविते. भात खाणाऱ्या माणसाला भात खाणारा माणूस कधी परका वाटत नाही, हे मला तेथे पटले.

आता स्नानाविषयी. वाचकांना संकोच वाटेल, तसा मलाही वाटला. स्त्रियांचे व पुरुषांचे स्नानगृह निराळे असते, दारावर निरनिराळ्या रंगाचे पडदे लोंबत असतात. आत मात्र सर्वांनी वस्त्ररहित जावयाचे असते. हौदात उतरण्यापूर्वी लहानशा लाकडी पाटावर बसून साबणाने सर्वांग स्वच्छ धुवायचे, कारण हौदातले पाणी अंग धुण्यासाठी नव्हे, केवळ बसण्यासाठी आहे. साबणाचा एक थेंबही आत जाता कामा नये. हातातला छोटा पंचाही पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. मी संकोचून कोपऱ्यात बसलो होतो. पण माझ्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. एक शेतकरी, एक कारखानदार, एक शाळामास्तर, कोण कोणता हे कळण्यास काही मार्ग नव्हता. अंगावरचे कपडे गेले की मनुष्याचा हुद्दाही जातो. बाहेरच्या उघड्या हौदात पाणी ४२ अंशांच्या आसपास आणि डोक्यावर बर्फाचे कण पडत असलेले. खांद्यापर्यंत ऊब आणि कपाळावर गारठा, अशी ती विलक्षण बैठक.

झाओचे पाणी गंधकाचे आणि अतिशय आम्ल आहे, लिंबाच्या रसाहूनही अधिक. म्हणून स्नानगृहाच्या दारात सूचना लावलेली असते की, अंगावरील चांदीचे दागिने काढून ठेवावेत, ते काळे पडतात. माझ्या गळ्यात चांदीचा लहान क्रूस आहे, दीक्षाविधीच्या दिवशी आईने घातलेला. पहिल्या दिवशी तो काढण्याचे मी विसरलो आणि बाहेर आलो तेव्हा तो कोळशासारखा काळा झालेला. दुसऱ्या दिवशी मी तो टोपलीत काढून ठेवला. काही मोठी गोष्ट नव्हे. पण पाण्यात बसल्या बसल्या मित्रांनी मला जे सांगितले, त्यामुळे ती मला मोठी वाटू लागली.

१६१४ मध्ये जपानच्या राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. दक्षिणेत छळ वाढला तेव्हा अनेक भाविक उत्तरेकडील या बर्फाळ मुलखात आले. काही खाणींत मजुरी करू लागले. त्यांच्यामागून धर्मगुरूही वेष पालटून आले. पोर्तुगीज येशूसंघीय फादर दिओगो कार्व्हाल्यो यांनी तर १६२० मध्ये खाणकामगाराच्या वेषात समुद्र ओलांडून थेट येझो बेटावर, म्हणजे आजच्या होक्काइदोला, जाऊन मिस्साबलिदान अर्पण केले. पुढे ते पकडले गेले. फेब्रुवारी १६२४ मध्ये, ऐन थंडीत, झाओच्या डोंगरापलीकडे सेंदाई शहरी, हिरोसे नदीच्या गोठणाऱ्या पाण्यात त्यांना सोबत्यांसह डांबून ठेवण्यात आले आणि त्या गारठ्यातच २२ फेब्रुवारीला त्यांनी देह ठेवला. तीन वर्षांनी, १६२७ मध्ये, दक्षिणेत उनझेन येथे पावलो उचिबोरी व त्यांच्या सोबत्यांना उकळत्या उष्णोदकाच्या कुंडांत टाकून मारण्यात आले. थंड पाणी आणि ऊन पाणी, देवाने माणसाच्या सुखासाठी दिलेली ही दोन्ही दाने माणसाने माणसाला मारण्यासाठी वापरली.

ज्या यामागाता प्रांतात आम्ही होतो, त्याच प्रांताच्या दक्षिणेस योनेझावा नगर आहे. तेथील उएसुगी घराण्याच्या सेवेत लुईस आमागासु नावाचे एक श्रद्धावंत सामुराई होते. त्यांच्याभोवती ख्रिस्ती कुटुंबांचा मोठा समुदाय जमला होता. १२ जानेवारी १६२९ रोजी, बर्फाने झाकलेल्या त्या मैदानात, लुईस, त्यांचे पुत्र, सुना, नातवंडे आणि इतर भाविक मिळून ५३ जणांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांत अगदी तान्ही मुलेही होती. त्यांनी धर्म सोडला असता तर जीव वाचला असता. २४ नोव्हेंबर २००८ रोजी नागासाकी येथे १८८ जपानी रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित करण्यात आले, त्यांत योनेझावाचे हे ५३ आहेत. त्यांत धर्मगुरू थोडेच. बहुतेक सारे घरसंसारी लोक, तुमच्यासारखेच आईबाप आणि मुले.

चांदी काळी पडू नये म्हणून मी क्रूस काढून ठेवला. त्यांना प्राण जाऊ नये म्हणूनही तो काढवला नाही. तिसऱ्या दिवशी मी तो गळ्यातच ठेवून पाण्यात उतरलो.

योनेझावाला आम्ही कितायामाबारा या वधस्थानी गेलो. गुडघाभर बर्फातून वाट काढावी लागली. तेथे क्रूस आहे आणि स्मारक आहे. आम्ही एक रोझरी म्हटली. बोटे इतकी गारठली की मणी सरकेनात. त्या रात्री आम्ही त्याच नगराच्या डोंगरातील शिराबु या ठिकाणी उतरलो. हे ठिकाण फार जुने. येथील पाणी लाकडी पन्हळांतून उंचावरून धबधब्यासारखे खांद्यावर पडते. सतराव्या शतकाच्या आरंभी उएसुगींचे कारभारी नाओए कानेत्सुगु यांनी या आडरानात गुपचूप बंदुका तयार करविल्या होत्या. लपविण्यासारखे जे असेल ते बर्फाच्या या डोंगरांत लपत असे. बंदुकाही आणि श्रद्धाही.

पूर्वी या उतारशाळा श्रीमंतांच्या चैनीसाठी नव्हत्या. भाताची कापणी आटोपली की शेतकरी कुटुंबे तांदूळ, मिसो व अंथरूण पाठीवर घेऊन येत आणि आठवडा-दोन आठवडे राहून स्वतःचे अन्न स्वतः शिजवीत. वर्षभर चिखलात वाकून दुखावलेली पाठ आणि गुडघे शेकून घेत. याला 'तोजी', म्हणजे पाण्याने केलेला उपचार, म्हणतात. काही ठिकाणी ही चाल अजून आहे. आता मात्र अनेक जागी गर्दी पर्यटकांची. ओबानाझावाजवळचे गिन्झान हे गाव पूर्वी रुप्याच्या खाणीचे. १९१३ च्या पुरात तेथील घरे वाहून गेली. नंतर ओढ्याच्या दोन्ही काठांना तीन-चार मजली लाकडी उतारशाळा उभ्या राहिल्या. संध्याकाळी दिवे लागले की ते दृश्य इतके मनोहर दिसते की अरुंद रस्त्यावर चालायला जागा उरेना. शेवटी २०२४-२५ च्या हिवाळ्यात गावाने नियम केला की, रात्री ८ नंतर मुक्कामी पाहुण्यांखेरीज कोणी गावात राहू नये. पाहुण्यांवर पोट भरणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरच्या गावांनीही याचा विचार करण्यासारखा आहे. अतिथी हवा, पण गाव गावकऱ्यांचे राहिले पाहिजे.

शिराबुहून खाली आल्यावर एका लहानशा उतारशाळेत आम्ही एक रात्र काढली. मालक पंच्याहत्तरीचे, त्यांच्या पत्नी त्याच वयाच्या. पहाटे पाच वाजता खरखर आवाजाने मला जाग आली. खिडकीतून पाहतो तो म्हातारबाबा छपरावर उभे राहून फावड्याने बर्फ खाली ढकलीत आहेत. बसलेल्या बर्फाचे वजन मीटरभर थराला दर चौरस मीटरमागे ३०० किलोच्या आसपास भरते. ते काढले नाही तर वासे मोडतात, म्हणून हिवाळ्यात पुन्हा पुन्हा छपरावर चढावे लागते. दरवर्षी हे काम करताना छपरावरून पडून किंवा बर्फाखाली सापडून जपानमध्ये अनेकांचा मृत्यू होतो आणि त्यांतले बहुसंख्य वृद्ध असतात. न्याहारीच्या वेळी मी विचारले, "आजोबा, आपला मुलगा?" मित्रांनी प्रश्न जपानीत सांगितला. ते म्हणाले, "तोक्योत आहे. चांगली नोकरी आहे. त्याला दोष देता येणार नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "पूर्वी शेजारच्या घरी चार मुलगे होते. ते आमचेही छप्पर साफ करीत. आता त्या घराला कुलूप आहे. त्याच्या छपरावरचे बर्फही मीच काढतो. नाहीतर ते घर कोसळेल."

यामागाता प्रांताची लोकसंख्या २०२४ मध्ये दहा लाखांच्या खाली आली. तेथे दर तीन माणसांत एकाहून अधिक जण ६५ वर्षांवरील आहेत. हे आकडे वाचताना मला दूरचे वाटले नाहीत. आपल्या धर्मग्रामातही मे महिन्यात घरोघर आशीर्वादाला जाताना किती दारांवर कुलपे दिसतात, आणि किती दारे अशी की ज्यांच्या आत एकटी आई बसलेली असते, मुले आखातात, पोर्तुगालमध्ये, इंग्लंडमध्ये! मुलांना दोष देता येणार नाही, हे त्या आजोबांचे म्हणणे खरेच आहे.

रविवारी आम्ही मित्रांच्या लहान देवळात मिस्साबलिदान अर्पण केले. जपानमध्ये कॅथोलिक फार थोडे, बारा कोटींच्या देशात सव्वाचार लाखांच्या आसपास. त्या दिवशी अकरा जण होते आणि त्यांतल्या सात फिलिपिनो स्त्रिया. १९८० नंतरच्या दशकांत या खेड्यांतील शेतकऱ्यांना वधू मिळेनात, तेव्हा फिलिपाइन्समधून आलेल्या अनेक मुलींनी येथे संसार थाटले. आता त्याच सासू-सासऱ्यांची सेवा करतात, बर्फ काढतात, मुलांना वधस्तंभाची खूण करायला शिकवितात. रक्तसाक्षींच्या भूमीत आज दिवा लावणारे हात परदेशातून आलेल्या सुनांचे आहेत. परमेश्वराची योजना माणसाला आधी कळत नाही.

दानिएलच्या ग्रंथातील तीन तरुणांचे स्तोत्र आम्ही धर्मगुरू रविवारच्या प्रातःप्रार्थनेत म्हणतो. भट्टीत उभे राहून ते अग्नीला, गारठ्याला, बर्फाला, झऱ्यांना परमेश्वराची स्तुती करावयास सांगतात. वीस वर्षे मी ते पाठ म्हणत आलो. त्या रविवारी प्रथमच मला त्याचा अर्थ डोळ्यांनी दिसला.

कोणी वाचक तिकडे गेलेच तर दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. वृद्धांनी व रक्तदाब असलेल्यांनी गारठ्यातून एकदम कढत पाण्यात उतरू नये. आधी पायांवर, मग अंगावर थोडे थोडे पाणी घ्यावे. आणि गंधकाच्या झऱ्यांजवळ कुंपण घातलेल्या जागी पाऊल टाकू नये. तेथील विषारी वायू हवेहून जड असल्यामुळे बर्फातील खळग्यांत साचतो. २९ डिसेंबर २००५ रोजी आकिता प्रांतातील दोरोयु येथे अशाच खळग्यात एका कुटुंबातील चौघांचा अंत झाला.

परत आल्यावर मी आपल्या तरुण मंडळापुढे एक गोष्ट मांडली आहे आणि ती येथेही लिहितो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण जूनचा पाऊस चुकत नाही. पावसाआधी घर शाकारावे लागते, कौले उतरवून फुटकी बदलावी लागतात, आणि एकट्या म्हाताऱ्या माणसाला ते होत नाही. या मे महिन्यात, मिरग निघण्यापूर्वी, ज्या घरात कर्ता मुलगा नाही अशा प्रत्येक घराचे छप्पर मंडळाच्या मुलांनी शाकारून द्यावे. अशी एकोणीस घरे मी मोजली आहेत. त्यांतल्या तीन घरांना कुलूप आहे. तीही शाकारायची. कौले व शिड्या देवळात जमा करण्यास आरंभ झाला आहे. पुढील रविवारी मिस्सानंतर नावे घेतली जातील.